पायाचा आकडा ९२ आणि कपाळाचा ५४, असं कसं होऊ शकतं?

चिमणीची_आई

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी २७ आठवड्यांवर झाली, वजन ९४० ग्रॅम, आज तिचा तिसरा दिवस. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचपेटीत आहे, व्हेंटिलेटर चालू आहे. तिच्या पायाला ती लाल लाइटवाली पट्टी आहे, ती काय मोजते ते आता मला कळतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९० ते ९५ मध्ये हवं असं सिस्टरनी सांगितलंय. पण त्याशिवाय तिच्या कपाळाला उजव्या बाजूला एक चौकोनी पॅच लावलाय, त्याची वायर वेगळ्या मशीनला जाते आणि तिथे वेगळाच आकडा येतो. पहिल्या दिवसापासून तो ६५ ते ७० च्या मध्ये असायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात खड्डाच पडला, वाटलं मेंदूला फक्त ६८ टक्केच ऑक्सिजन मिळतोय का, पण डॉक्टर म्हणाले हा आकडा असाच असतो, हे नॉर्मल आहे. बरं म्हटलं.

आता काल रात्रीचं सांगते. दूध काढून द्यायला गेले होते, साडेतीन वाजले असतील, आणि माझ्या डोळ्यांदेखत कपाळाचा आकडा ६८ वरून ६३, ६०, ५७ असा उतरत उतरत ५४ वर आला आणि अलार्म वाजला. पायाचा मात्र ९२-९३, जागचा हलला नाही. बाळ शांत झोपलेलं, रंग चांगला, मला तर काहीच फरक दिसत नव्हता. सिस्टरनी आधी पॅच बघितला, मान बघितली, मग डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर व्हेंटिलेटर कमी केला. कमी केला हो, वाढवला नाही! आणि अर्ध्या तासात आकडा ६६ वर आला. मी विचारायला गेले पण तेवढ्यात शेजारच्या बाळाचं काहीतरी झालं आणि सगळे तिकडे धावले, मग मला विचारायचा धीरच झाला नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. अंगात ऑक्सिजन ९२ आहे तर मेंदूत ५४ कसा, आणि मशीन कमी केल्यावर आकडा वाढला कसा? दुसरं म्हणजे तो लाइट सतत डोक्यात जातोय त्याने मेंदूला काही होत नाही ना? आणि माझ्या मैत्रिणीचं बाळ दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये २८ आठवड्यांवर झालं होतं, त्याला हा पॅच नव्हताच. मग आमची जास्त सिरीयस आहे म्हणून लावलाय की काय? कोणाला माहीत असेल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा.

रात्रपाळी

ताई, आधी अभिनंदन, मुलगी झाली ना, हे म्हणायचं सगळे विसरतात. मी १४ वर्षं एनआयसीयूत सिस्टर आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तोच तुम्हाला जास्त छळतोय असं वाटतं. पॅच लावला म्हणजे बाळ जास्त सिरीयस असा अर्थ बिलकुल नाही. ज्या युनिटमध्ये हे मशीन आहे तिथे बहुतेक वेळा २८ आठवड्यांच्या आतल्या सगळ्याच बाळांना पहिले तीन दिवस लावतात, कारण मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका याच पहिल्या ७२ तासांत सगळ्यात जास्त असतो. या बाळांच्या मेंदूत आत एक नाजूक भाग असतो, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अगदी कच्च्या असतात, रक्ताचा प्रवाह एकदम कमी-जास्त झालेला त्यांना सोसत नाही. म्हणून आम्ही पहिले तीन दिवस मान सरळ ठेवतो, डायपर बदलतानासुद्धा पाय वर उचलत नाही, बाळ हळूच कुशीवर करतो, औषधं सावकाश सोडतो. आणि त्या मैत्रिणीच्या बाळाला पॅच नव्हता म्हणजे हलगर्जीपणा झाला असंही नाही, खूप चांगल्या युनिटमध्येही हे मशीन वापरत नाहीत.

सिस्टरनी आधी पॅच आणि मग मान का बघितली ते सांगते. आकडा पडला की पहिला प्रश्न, आकडा खरा आहे का? पॅचची एक कड जरी उचलली गेली तर बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि काविळीची निळी लाइट चालू असेल तर जास्तच, म्हणून आम्ही वरून झाकतोसुद्धा. खाली केस, घाम किंवा जन्माच्या वेळचा काळानिळा डाग असला तरी आकडा चुकतो. मान यासाठी की डोकं एका बाजूला पार वळलं असेल तर मानेतली शीर दाबली जाते आणि डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडचण होते. कधी कधी नुसती मान मध्यावर आणून खांद्याखाली छोटी घडी ठेवली तरी दोन मिनिटांत आकडा सावरतो, हे मी किती वेळा पाहिलंय त्याची गणतीच नाही.

अजून एक, या बाळांची कातडी इतकी पातळ असते की खालची शीर न् शीर दिसते, आणि चिकटपट्टी ओढून काढली तर कातडी तिच्याबरोबर येऊ शकते. म्हणून पॅच आणि कपाळ यांच्यामध्ये आम्ही पातळ पारदर्शक पट्टी ठेवतो किंवा पॅच चिकटवतच नाही, मऊ पट्ट्याने नुसता टेकवून ठेवतो. काढताना कोमट पाण्याचा कापूस धरून एक एक कोपरा भिजवत भिजवत सोडवायचा. दर काही तासांनी उचलून खालची कातडी बघायची. तुम्ही गेलात की सिस्टरना सांगा, कातडी बघाल तेव्हा मलाही दाखवा, कोणी नाही म्हणणार नाही.

आणि विचारायचा धीर झाला नाही असं लिहिलंय ना, ते वाचून वाईट वाटलं. परत विचारा. ड्युटी बदलताना नको, त्यानंतर तासाभराने विचारा. आम्ही धावपळीत असतो म्हणून तुटक बोलतो, पण आईने विचारलेलं आम्हाला आवडतं.

प्रकाशमापी

लाइटबद्दल मी लिहितो, मी मेडिकल मशीन्सचा इंजिनियर आहे आणि या प्रकारच्या सेन्सरवर बरीच वर्षं काम केलंय.

ताई, अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवलंय का कधी? बोट लाल दिसतं. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, त्यातला निळा-हिरवा रक्त आणि मांस खाऊन टाकतात, लाल पलीकडे निघतो. लालच्याही थोडं पुढे, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा उजेड असतो, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, त्याला शरीर बऱ्यापैकी वाट देतं. त्याच्या अलीकडे रक्त उजेड शोषतं आणि पलीकडे पाणी शोषतं, मध्ये ही एक खिडकी उघडी राहते. १९७७ साली फ्रान्स योब्सिस नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात दाखवून दिलं की कवटी न उघडता या खिडकीतून मेंदूच्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो, आणि १९८५ मध्ये तिथल्याच लोकांनी कमी दिवसांच्या बाळांवर केलेली पहिली निरीक्षणं छापून आली. याचं लांबलचक नाव नीअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी, युनिटमध्ये सगळे निर्स म्हणतात. गंमत म्हणजे मोठ्या माणसाच्या जाड कवटीपेक्षा ९०० ग्रॅमच्या बाळाच्या पातळ कवटीतून हे जास्त सोपं जातं, त्यामुळे हे तंत्र जणू या बाळांसाठीच जन्माला आलंय असं मला नेहमी वाटतं.

काम कसं चालतं तर पॅचमध्ये एका टोकाला छोटे एलईडी किंवा लेझर असतात आणि दोन-चार सेंटीमीटरवर उजेड टिपणारे दोन किंवा जास्त डोळे. उजेड आत जाऊन इकडेतिकडे आपटत, वाकडी कमान करून परत कपाळावर येतो. जवळच्या डोळ्यापर्यंत येणारा उजेड वरवरच्या कातडी-हाडातूनच फिरून येतो, लांबच्या डोळ्यापर्यंतचा अजून खोल जाऊन येतो, म्हणजे दोघांची तुलना करून कातडीचा हिस्सा बराचसा बाजूला काढता येतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि ऑक्सिजन देऊन टाकलेलं रक्त यांचा रंग वेगळा असतो हे आपल्याला माहीतच आहे, या उजेडातही ते वेगळे दिसतात, ७६० च्या आसपास ऑक्सिजन नसलेलं रक्त जास्त उजेड शोषतं आणि ८०० च्या पुढे गेलं की उलटं होतं. त्यावरून टक्केवारी काढतात. उजेड अगदी मंद असतो, क्ष-किरणांशी त्याचा काहीही संबंध नाही, पेशी फोडण्याइतकी ताकद त्यात नसते. काळजी कातडीची घ्यायची, म्हणजे दाब आणि चिकट, ते वर सिस्टरताईंनी लिहिलंच आहे.

आता मुख्य गोष्ट, पायाचा आणि कपाळाचा आकडा वेगळा का. पायाचा पल्स ऑक्सिमीटर (याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची) फक्त ठोक्याबरोबर धडधडणारं रक्त बघतो, म्हणजे हृदयाकडून येणारं ताजं रक्त, बाकीचं सगळं सोडून देतो. निर्सला ठोका लागतच नाही. त्याच्या उजेडाच्या वाटेत जेवढं रक्त येईल तेवढं सगळं तो मोजतो, आणि मेंदूत बरंचसं रक्त शिरांमध्ये असतं, म्हणजे ऑक्सिजन देऊन परत निघालेलं. बहुतेक मशीन असं धरून चालतात की साधारण पाव हिस्सा ताजं रक्त आणि पाऊण हिस्सा परतीचं. म्हणून ६८ म्हणजे मेंदूला ६८ टक्केच मिळाला असं नव्हे. मेंदूने आपल्या गरजेपुरता काढून घेतल्यावर रक्तात किती शिल्लक उरला, त्याच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. पायाचा आकडा सांगतो दुकानात किती माल आला, कपाळाचा सांगतो गिऱ्हाईक माल घेऊन गेल्यावर फळीवर किती उरला. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

एक सावधगिरी. पॅच काढून परत लावला तर बाळात काही न बदलतासुद्धा चार-पाच आकड्यांचा फरक पडू शकतो. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं, इतकंच काय एकाच मशीनचा मोठ्यांचा सेन्सर आणि लहान बाळांचा सेन्सर, एकाच बाळावर वेगळे आकडे दाखवतात, लहान बाळांचा सेन्सर सरासरी दहाच्या आसपास जास्त दाखवतो. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या बाळाचा ७८ आणि आपल्या बाळाचा ६८ अशी तुलना अजिबात करू नका, आपल्या बाळाचाच कालचा आणि आजचा बघा.

नवजात_डॉक

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी नवजात शिशूंचा डॉक्टर आहे. तुमच्या बाळाचे पेपर मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे नक्की काय झालं ते तुमचे डॉक्टरच सांगतील, पण तुम्ही जे वर्णन केलंय ना ताई, पायाचा आकडा स्थिर, कपाळाचा हळूहळू उतरला, रक्त तपासून व्हेंटिलेटर कमी केला आणि आकडा वर आला, हे आम्ही ज्युनियर डॉक्टरांना शिकवताना फळ्यावर काढतो तसं आहे. सगळ्यात जास्त शक्यता कार्बन डायॉक्साइड कमी झाल्याची.

मेंदूच्या रक्तवाहिन्या ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायॉक्साइडकडे फार बारीक लक्ष ठेवून असतात. तो वाढला की त्या रुंद होतात, कमी झाला की आक्रसतात. आता कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं सुरुवातीला ताठ असतात, म्हणून आपण व्हेंटिलेटरचा जोर त्या हिशोबाने लावतो. मग फुप्फुसात सोडलेलं सर्फॅक्टंटचं औषध काम करतं, फुप्फुसं मऊ पडतात, आणि तोच जोर आता जास्त होतो. प्रत्येक श्वासाला गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर होते आणि कार्बन डायॉक्साइड धुऊन निघतो. ऑक्सिजन भरपूर असतो, म्हणून पायाचा आकडा खुशाल ९२ दाखवतो. पण मेंदूच्या नळ्या आक्रसलेल्या, रक्तच कमी पोचतंय. मेंदूची भूक तर तेवढीच, मग तो आलेल्या थोड्या रक्तातून जास्त जास्त ऑक्सिजन ओढून घेतो, परतीच्या रक्तात कमी उरतो, आणि कपाळावर ५४ दिसतं. व्हेंटिलेटर कमी केला, कार्बन डायॉक्साइड वर आला, नळ्या मोकळ्या झाल्या, ६६. तुमचे डॉक्टर घाबरून मशीन वाढवून बसले नाहीत, आधी रक्त बघितलं, हे फार चांगलं झालं. कारण पहिल्या दिवसांत कार्बन डायॉक्साइड फार खाली जाणं आणि मेंदूला इजा होणं यांचा संबंध अभ्यासात दिसलेला आहे, आणि नुसत्या पायाच्या पट्टीवर हे दिसलंच नसतं, पुढच्या ब्लड गॅसला, म्हणजे रक्तातले वायू मोजायच्या तपासणीत, कळलं असतं, तोही चार-सहा तासांनी घ्यायचा असेल तर तेवढा वेळ तसाच गेला असता.

हे ओढून घेण्याचं गणित आम्ही कागदावरही करतो. पायाचा आकडा वजा कपाळाचा आकडा, भागिले पायाचा आकडा. तुमच्या बाळाचं एरवी ९३ वजा ६८ म्हणजे २५, भागिले ९३, ०.२७ आलं, म्हणजे मेंदू आलेल्या ऑक्सिजनचा चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त घेत होता. त्या वेळी ९२ वजा ५४ म्हणजे ३८, भागिले ९२, ०.४१. मेंदू उपाशी राहिला असा याचा अर्थ नाही, आपली भूक भागवायला त्याला जास्त ओढावं लागत होतं असा आहे. त्याच्याकडे ही शिल्लक असते, फक्त ती फार वेळ वापरायला लागू नये.

बाकी कारणंही असतात. रक्तदाब कमी असला तर पडतो. बाळाचं रक्त कमी झालं, आणि आम्हीच तपासण्यांसाठी थोडं थोडं करून बरंच काढतो हे मान्य केलं पाहिजे, तर आकडा असा झपकन पडत नाही, दिवसेंदिवस एक एक करत उतरतो आणि रक्त चढवलं की वर येतो. हृदयाजवळची जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी राहिली तर मेंदूकडे जाणारं रक्त अर्ध्या वाटेतून दुसरीकडे पळतं. बाळ श्वास घ्यायचं विसरलं तर पाय आणि कपाळ दोन्ही आकडे एकदम पडतात, तुमच्याकडे तसं झालं नाही. आणि नाळेतल्या नळीतून भराभर रक्त काढलं तरी कपाळाचा आकडा वाकतो, म्हणून ते सावकाश काढायचं.

लोकांना वाटतं आकडा जेवढा जास्त तेवढं चांगलं. तसं नाही. ८५ च्या वर राहिला तर आम्ही तितकेच अस्वस्थ होतो. ऑक्सिजन जास्त झालाय का, कार्बन डायॉक्साइड वाढलाय का, की मेंदूच ऑक्सिजन वापरत नाहीये? जन्मताना गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये एक-दोन दिवसांनी आकडा ९० च्या पुढे गेलेला दिसतो तेव्हा आमचा चेहरा उतरतो, कारण फळीवर माल तसाच आहे, गिऱ्हाईकच आलेलं नाही.

चिमणीची_आई

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, वाचता वाचता रडायलाच आलं, दुकान आणि गिऱ्हाईकाचं उदाहरण ऐकून माझ्या नवऱ्यालाही पटकन कळलं. एकच विचारते डॉक्टर, हे एवढं उपयोगी आहे तर मग सगळीकडे का लावत नाहीत? सिस्टरताई म्हणाल्या चांगल्या युनिटमध्येही वापरत नाहीत. फक्त पैशाचा प्रश्न आहे का?

नवजात_डॉक

फक्त पैशाचा नाही. मला हे मशीन आवडतं, तरी जे आहे ते सांगतो.

युरोपात सेफबूस्क नावाने मोठं काम झालं, कोपनहेगनहून चालवलेलं. आधीच्या टप्प्यात १६६ बाळं होती, २८ आठवड्यांच्या आतली. अर्ध्यांचा आकडा डॉक्टरांना दिसत होता आणि ५५ ते ८५ मध्ये ठेवायचा प्रयत्न करायचा होता, बाकीच्यांचा आकडा झाकलेला. २०१५ मध्ये निकाल आला, आकडा दिसत होता त्या बाळांचा त्या हद्दीबाहेर जाण्याचा भार निम्म्याहून कमी झाला. आम्ही सगळे खूश झालो. मग खरा प्रश्न विचारला गेला, आकडा सुधारला, पण बाळं वाचतात का, मेंदूची इजा कमी होते का? त्यासाठी १७ देशांतली १६०१ बाळं घेतली, जन्मानंतर सहा तासांच्या आत पॅच लावून ७२ तास ठेवायचा असं ठरलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा, पॅचच्या गटात ३५.२ टक्के आणि नेहमीच्या देखभालीच्या गटात ३४.०. म्हणजे फरक नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राझहून चालवलेला दुसरा अभ्यास आला, ६०७ बाळं, ३२ आठवड्यांच्या आतली, जन्मानंतरची पहिली १५ मिनिटं पॅच बघून उपचार करायचे. मेंदूला इजा न होता जगलेली बाळं ८२.९ टक्के विरुद्ध ७८.५. चांगल्या बाजूला झुकलेलं दिसतं पण ठामपणे सांगता येईल इतका फरक नाही.

मला या निकालाचं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण विचार केला की पटतं. आकडा हे औषध नाहीये. तो फक्त हाक मारतो. हाक मारल्यावर काय करायचं, रक्तदाबाचं औषध द्यायचं का, रक्त चढवायचं का, त्या प्रत्येक उपचाराचे स्वतःचे धोके आहेत, आणि ज्यांच्याकडे हे मशीन नाही ते ब्लड गॅस, सोनोग्राफी, रक्तदाब, बाळाचा रंग, लघवी यावरून बहुतेक गोष्टी पकडतातच. म्हणून आज प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाला हे लावलंच पाहिजे असं कोणी म्हणू शकत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बाळावर अन्याय झालेला नाही. आणि तुमच्या बाळाच्या बाबतीत काल रात्री त्याने वेळेवर हाक मारली, हेही तितकंच खरं.

जुळ्यांची_आई

उशिरा लिहितेय पण राहवलं नाही. माझ्या जुळ्या मुली २९ आठवड्यांवर झाल्या, आता तीन वर्षांच्या आहेत. धाकटीला पॅच होता, थोरलीला नव्हता, मशीन एकच होतं आणि धाकटी जास्त लहान होती. आणि धाकटीला कपाळाबरोबर पोटालाही होता, बेंबीच्या खाली. त्याचा अनुभव सांगते कारण उद्या तुमच्याकडे तो लावला तर घाबरायला नको.

पोटाचा आकडा म्हणजे वेडाच आकडा असतो. कपाळाचा ७० ला बसलेला असायचा आणि पोटाचा ३५, ५०, ६२, परत ४०, दिवसभर वरखाली. दूध नळीने दिलं की बदलायचा, शी झाली की बदलायचा, गॅस झाला की बदलायचा. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतड्याला रक्त नीट पोचतंय का याचा अंदाज यावा म्हणून लावलाय, कारण कमी दिवसांच्या बाळांना आतड्याचा तो भयंकर आजार होतो ना, पण आतडी एका जागी बसत नाहीत आणि आतली काळी शीसुद्धा उजेड शोषते, म्हणून एकेका आकड्याकडे बघायचं नाही, तासन्‌तासांची रेघ बघायची. मी मात्र एकेका आकड्याकडे बघत बसायचे. वहीत लिहायचे, दर पाच मिनिटांनी. तिसऱ्या दिवशी एक सिस्टर माझ्याजवळ आल्या, वही हळूच मिटली, माझा हात धुवायला लावला आणि काचपेटीच्या खिडकीतून आत घालून बाळाच्या डोक्यावर एक तळवा आणि पायांवर एक तळवा असा ठेवला. म्हणाल्या, दाबायचं नाही, कुरवाळायचं नाही, नुसतं धरायचं. मी धरलं. दहा मिनिटं मी स्क्रीनकडे बघितलंच नाही.

पुढे छातीशी घेऊन कांगारू केअर सुरू केली तेव्हा मला भीती होती की उचलल्यावर कपाळाचा आकडा पडेल. नाही पडला. ६९ होता, ६९-७० च राहिला तासभर. हे तुम्हाला सांगायचं होतं, वेळ येईल तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटलं की बिनधास्त घ्या. आणि पॅच काढतील त्या दिवशी मनाची तयारी ठेवा, मला तर वाटलं माझा आधारच काढून घेतला, तो आकडा नाही तर आता मला कळणार कसं. थोरलीला तर तो कधीच नव्हता हे त्या क्षणी आठवलंच नाही.

रात्रपाळी

@जुळ्यांची_आई त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा कधी भेटल्या तर. हात ठेवायचं मी पण सगळ्या आयांना शिकवते. चिमणीच्या आईला अजून दोन-तीन दिवस कमीत कमी हाताळणी चालू असेल, तेव्हा आधी विचारून मगच हात ठेवा ताई.

प्रकाशमापी

एक राहिलंच होतं सांगायचं. स्क्रीनवर आकड्याशेजारी बहुतेक मशीनवर रेघ दिसते, किती तास मागे जायचं ते बदलता येतं. सिस्टरना सांगून एकदा काल रात्रीचा तेवढा भाग बघून घ्या. कार्बन डायॉक्साइडने पडलेली रेघ उतारासारखी उतरते, श्वास थांबल्याने पडलेली खड्ड्यासारखी, आणि पॅच सुटला असेल तर रेघ तुटते किंवा वेडीवाकडी उडते. एकदा डोळ्याने बघितलं की परत अलार्म वाजला तरी इतकं भ्यायला होणार नाही.

चिमणीची_आई

आज सकाळी विचारलं. ड्युटी बदलून तासाभराने गेले, सिस्टरताईंनी सांगितलं होतं तसं. डॉक्टर कालचेच होते. त्यांनी रिपोर्ट दाखवला, त्या वेळी कार्बन डायॉक्साइड २८ आला होता, ३५ च्या खाली त्यांना नकोच असतो म्हणाले, आणि व्हेंटिलेटर कमी केल्यावरचा दुसरा रिपोर्ट ४३. मी त्यांना वजाबाकी-भागाकार करून दाखवला, ०.४१, तर ते माझ्याकडे बघतच राहिले, मग खुर्ची ओढून दहा मिनिटं बसले आणि रेघ मागे नेऊन दाखवली. अगदी उतार. साडेतीनला सुरू झाला असं मला वाटत होतं, पण तो तीनच्याही आधीपासून उतरत होता, मी तिथे नव्हतेच तेव्हा. डोक्याची सोनोग्राफीही झाली, रक्तस्राव नाही.

७२ तास झाले म्हणून दुपारी पॅच काढला. कापूस भिजवून एक एक कोपरा, मला जवळ उभं राहू दिलं. खाली कपाळावर फिकट चौकोन उमटलाय, नखाएवढा. सिस्टर म्हणाल्या उद्यापर्यंत जाईल. स्क्रीनवर आता फक्त पायाचा आकडा आहे, ९३.